येरणीच्या पुलावरची तांबडी रेघ

येरणगाव शहरात शिरताना येरणी नदीवर काळ्या दगडांचा एक बुटका पूल लागतो. त्याच्या दुसऱ्या खांबावर एक तांबडी रेघ आहे. पाणी त्या रेघेला टेकलं की पुलाच्या दोन्ही टोकांचे अडसर खाली येतात, मग मागे आमदाराची गाडी असो की नवरदेवाची. पाहुणे वैतागतात. पूल तर पाण्याच्या चांगला पुरुषभर वर कोरडा दिसतो, मग रेघ एवढी खाली का, असं विचारतात. तेव्हा अडसरापाशी बसलेलं कुणीतरी म्हातारं माणूस सांगायला लागतं, आणि सांगता सांगता त्याचा आवाज चढतो. गोष्ट शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची आहे म्हणे, पण तिचा राग अजून निवलेला नाही.

तेव्हा इथं संस्थान होतं. पुलाआधी नदीवर भोयांची नाव चालायची. पूल झाला, नाव काठावर पालथी पडली, आणि ती चालवणाऱ्या घरातल्या केरबाला संस्थानच्या सडक खात्यानं पुलाचा चौकीदार नेमलं. त्याची बायको पारू. गोष्ट खरं तर तिची.

रेघेची जागा दाखवली ती पारूच्या सासऱ्यानं. म्हाताऱ्यानं चाळीस वर्षं याच पाण्यात पाय रोवून नाव लावलेली. पाणी एका ठरावीक उंचीला आलं की तळाची वाळू सरकायला लागते, हे त्याच्या तळव्यांना ठाऊक होतं. तिथं तो नाव बंद करायचा आणि सुनेलाही पाण्यात उभी करून त्यानं ते शिकवलं होतं. पूल बांधणारा इंजिनिअर शहाणा निघाला. त्यानं म्हाताऱ्याचं ऐकलं, रेघ मारली आणि नियम केला, की पाणी रेघेला लागलं की पूल बंद. पुढं म्हातारा गेला, इंजिनिअरही बदलून गेला, आणि जठार नावाचे साहेब आले.

जठार साहेबांना पूल बंद झालेला खपत नसे. एका पावसाळ्यात तो नऊ वेळा बंद पडला, तेव्हा दरबारात कुणीतरी हसून म्हणालं, की तुमचा पूल पाण्याला भितो वाटतं. हे साहेबांना झोंबलं. पूल भक्कम करायला दगड लागतात, गवंडी लागतात, अक्कल लागते. रेघ वर न्यायला फक्त रंग लागतो. साहेबांनी केरबाला हुकूम दिला, रेघ दोन हात वर घे.

केरबा म्हणाला, "साहेब, रेघ वर गेली म्हणून वाळू थांबायची न्हाई."

"पूल दगडाचा आहे, तुझी नाव नव्हे," साहेब म्हणाले. "जमत नसेल तर चौकी सोड."

केरबानं जुनी रेघ खरवडली आणि नवी रंगवली, आपल्याच हातानं. त्या दिवशी पारूनं त्याला ताट वाढलं, पण समोर बसली नाही.

"बापाची रेघ तुमीच पुसली व्हय?"

"खात्याचा हुकूम हाय, पारे."

"आन् पान्याला हुकूम कोन देनार?"

भाद्रपदातला बाजाराचा दिवस. भर दुपारी नदी गढूळ होऊन चढू लागली. पारू काठाशी गुडघाभर पाण्यात उतरली आणि तिच्या तळव्यांखालची वाळू निसटली. ती तशीच ओल्या लुगड्यानं पुलावर धावली, अडसर ओढून खाली पाडला आणि त्याच्यापुढं उभी राहिली. पलीकडं बाजाराच्या गाड्या खोळंबल्या. गाडीवान ओरडू लागले. खात्याच्या शिपायानं तिला दंडाला धरून बाजूला केलं. "रेघ बघ की बाई, कोरडी हाय अजून." आणि केरबा? ज्या घराण्यानं जन्मभर पाणी वाचलं, त्या घरातला तो माणूस त्या दिवशी पाण्याकडे बघतच नव्हता. तो रेघेकडे बघत होता. त्यानंच अडसर वर केला.

चार गाड्या पुलावर असताना तिसरा खांब बसला. वरची कमान गाड्यांसकट खाली गेली. केरबानं चौकीवरून उडी घेतली. एका बाईला आणि एका म्हाताऱ्याला त्यानं काठाला आणलं, तिसऱ्यांदा आत गेला तो पुन्हा वर आला नाही. त्याला धरून एकोणीस माणसं गेली. दुसऱ्या खांबावरची खोटी रेघ मात्र शेवटपर्यंत कोरडी राहिली.

मग खात्याची चौकशी झाली. चौकशी खात्याची आणि करणारेही खात्याचेच. चावडीवर कागद वाचून दाखवला गेला, "पाणी रेघेस लागलेले नव्हते, सबब खात्याकडून कसूर झालेली नाही. प्रसंगी चौकीदार जागा सोडून गेला होता."

"व्हय, सोडली जागा," पारू भर चावडीत म्हणाली. "बुडत्यांच्या मागं गेला. तुमचा साहेब कुठं जागेवर हुता?"

ती उठली आणि पडलेल्या खांबाच्या दगडांवर जाऊन बसली. मार्गशीर्षात वडार पूल बांधायला आले तरी ती उठेना. साहेबानं स्वतः पाण्यात उतरून रेघ काढावी आणि येताना बायकापोरांना घेऊन यावं, एवढंच तिचं मागणं. वडारांच्या मुकादमानं तिचं ऐकून घेतलं आणि दगड फोडायच्या सुतक्या खाली ठेवल्या. साहेब येईस्तोवर दगड हलणार नाही, असं त्यानं कळवलं. मारायची धमकी झाली, नवे मजूर आणले, तेही बसले. शेवटी दरबारातूनच साहेबांना जा म्हणून सांगितलं.

जठार साहेब आले. बायको आणि दोन मुली अडसरापाशी उभ्या राहिल्या. गावानं त्यांना बसा म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. पारूनं साहेबांच्या कमरेला नावेचा जुना दोर बांधला आणि त्याचं टोक आपल्या हाती धरलं. नदी तेव्हा मांडीभरसुद्धा नव्हती. पण असं सांगतात, की साहेब खांबापाशी पोचले आणि त्या उथळ, संथ पाण्यात त्यांच्या पायाखालची वाळू सरकली. ते छातीपर्यंत आत गेले. पारूनं दोर ताणला आणि त्यांना तसंच धरून ठेवलं, वर ओढलं नाही की सोडलं नाही.

"कुठवर काढू रेघ?" साहेबांनी विचारलं. त्यांचे दात वाजत होते.

गावात कुणी साहेबाला अरेतुरे केलेलं तोवर ऐकलं नव्हतं. पारू म्हणाली, "त्या बघ तुझ्या पोरी. कंच्या पान्यापत्तूर त्यांना गाडीत घालून ह्या पुलावरनं नेशील? तितं काढ."

साहेबांनी मुलींकडे पाहिलं आणि कुंचला टेकवला. रेघ पुरी झाल्यावर लोकांनी वाकून पाहिलं. म्हाताऱ्या सासऱ्याच्या रेघेची खरवडलेली जागा अजून दिसत होती. साहेबांची रेघ तिच्याही वीतभर खाली होती.

पारूनं त्यांना बाहेर ओढलं आणि दोर सोडवता सोडवता एवढंच विचारलं, "मग माझ्या मालकाला दोन हात वर काढाया का लावली?"

साहेब बायको-मुलींना घेऊन तसेच ओले निघाले. ते बदलून गेले, संस्थान गेलं, सडक खात्याच्या जागी नगरपालिकेचं रस्ते आणि पूल खातं आलं. आजही दर वैशाखात त्या खात्याच्या मुख्य अभियंत्याला घरच्यांसह इथं यावं लागतं, कमरेला दोर बांधून पाण्यात उतरावं लागतं. हार नाही, नारळ नाही, चहासुद्धा नाही. दोर भोयांच्या घरातली बाई धरते आणि पारूचा तोच प्रश्न विचारते, कंच्या पान्यापत्तूर पोरांना ह्या पुलावरनं नेशील? काही साहेब त्या दिवशी आजारी पडतात. मग ते बरे होऊन येईपर्यंत बायका अडसर वर करू देत नाहीत, शहर दोन्हीकडे खोळंबून राहतं आणि कुणी हॉर्न वाजवत नाही. इतक्या वर्षांत इतके साहेब येऊन गेले. मुलांकडे बघून एकानंही रेघ वर नेलेली नाही.