कोमट तळं

फार जुनी गोष्ट. उत्तरेकडच्या एका अफाट तळ्यात साळोबा साळिंदर रोजच्यासारखा पाय सोडून बसला होता. तेवढ्यात बदकताई उडत आली. "साळोबा, पलीकडून गार वारा निघालाय. बर्फात तुझं बीळ बुजणार!"

साळोबा हसला. "अगं, पाय घालून बघ. तळं अजून कोमट आहे. यंदा कुठली थंडी?"

"कोमट आहे म्हणूनच! तळं गोठलेलं असतं तर वारा कोरडा आला असता. आता तो येताना वाफ उचलेल आणि आपल्या काठावर बर्फ करून ओतेल. टेकडीकडून बिळाला दुसरं तोंड काढ."

"काढतो गं उद्या. पाय शेकून घेऊ दे."

"याचा उद्या माझ्या पिलांनाही पाठ झालाय," झाडावरून खारूताई म्हणाली. साळोबासुद्धा हसला.

दुपारी वारा आला, साळोबा बिळात शिरला आणि बर्फ पडतच राहिला. खारूताईने बिळाच्या तोंडाशी खूप उकरलं, पण तिचे पंजे इवलेसे.

बर्फ वितळल्यावर ती टेकडीच्या बाजूला गेली. तिथे साळोबाच्या नख्यांनी उकरलेला वीतभर खड्डा होता. पुढचं खणायचं राहिलं होतं.