निवृत्तीच्या गाडीचं मिसिंग

एका गावात एक भोळा गाडीवाला होता. निवृत्ती त्याचं नाव. गाडी जुनी, सात माणसांची, पेट्रोलवर चालणारी. निवृत्ती तिला लाडानं जीप म्हणायचा. त्याची बायको अंजिरा तिला काय म्हणायची, ते पोरांसमोर सांगण्यासारखं नाही.

एकदा ही गाडी धक्के मारायला लागली. उभी असली तरी थरथरायची, चढ आला की उचक्या द्यायची. एरवी अंजिरानं लक्षही दिलं नसतं. पण लेक मोनालीला सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे तिला आणायला हवं. आठवा लागला की कुणी हलवत नाही. आणि रविवारी आठवा लागत होता. त्यात मोनालीची सासू कडक. तिनं निरोप धाडला, "शनिवारी मी स्वतः सोबत येणार. सुनेची आबाळ दिसली तर त्याच पावली परत नेईन."

अंजिरा म्हणाली, "अहो, शौकत मिस्त्रीला गाडी दाखवा."

शौकत मिस्त्री दुसऱ्या गाडीखाली आडवा होता. नुसता आवाज ऐकून तिथूनच म्हणाला, "मिसिंग आहे."

निवृत्ती थेट पोलीस ठाण्यात.

"गाडी मिसिंग आहे."

हवालदारानं कागद ओढला. "शेवटची कुठं दिसली?"

"बाहेर. आत्ताच."

"मग तुम्ही आलात कशानं?"

"तिच्यातनंच आलो."

हवालदारानं हात जोडून त्याला वाटेला लावलं.

अंजिरा म्हणाली, "अहो, मिसिंग म्हणजे इंजिनाचा ठोका चुकतोय. मिस्त्री काही बोलला की 'मग काय करू' असं विचारायचं. एवढंच."

"बरं. आता कळलं."

दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, "मग काय करू?"

शौकत म्हणाला, "इंजिन थंड असताना चालू करून बघ. तेव्हाही धक्के मारते का, ते सांग."

निवृत्तीनं बॉनेट उघडलं आणि हौदातल्या चार बादल्या इंजिनावर ओतल्या. इंजिन थंड झालं. इतकं थंड, की चालूच होईना.

शौकत चरफडत म्हणाला, "बाबा रे, पाण्यात भिजलेलं असं ठेवत नाहीत. बाहेर काढायचं, पुसायचं, उन्हात वाळत घालायचं."

"बरं. आता कळलं."

निवृत्ती घरी आला. लेकीसाठी वडे करायचे म्हणून अंजिरानं डाळ भिजत घातली होती. निवृत्तीनं बघितलं, डाळ पाण्यात. त्यानं ती उपसली, पंच्यानं पुसली आणि पत्र्यावर नेऊन वाळत घातली. अंजिरा दळण घेऊन येईपर्यंत डाळ खडखडीत झालेली आणि निम्मी चिमण्यांनी नेलेली.

"अहो, मी भिजवली होती ती. भिजत घातलेल्याला हात लावायचा नाही. चांगलं फुगेपर्यंत राहू द्यायचं."

"बरं. आता कळलं."

सकाळी शौकतनं गाडीचे चारही प्लग काढले. काजळी धरून काळे झालेले. त्यानं ते वाटीभर पेट्रोलमध्ये टाकले आणि म्हणाला, "मी गिऱ्हाइकाकडं जाऊन येतो. तोवर तू हे पुसून ठेव."

संध्याकाळी शौकत आला. निवृत्ती वाटीसमोर उकिडवा बसलेला.

"पुसले का नाहीस?"

"अजून फुगले नाहीत."

शौकतनं स्वतःच प्लग पुसले, बसवले, गाडी चालू केली. धक्के होतेच. प्रत्येक प्लगला ठिणगी देणारी एकेक कॉइल असते. चालू इंजिनावरच शौकतनं पहिलीची वायर काढली. इंजिन आणखी अडखळलं. परत लावली. दुसरीची काढली, अडखळलं. तिसरीची काढली. काहीच फरक नाही.

"ही मेलेली," शौकत म्हणाला. "ही काढायची, हिच्या जागी दुसरी घालायची. नीट बघून ठेव, म्हणजे माझा जीव खाणार नाहीस. गाडी धक्के मारायला लागली की एकेक काढून बघायचं. जिला काढून काही फरक पडत नाही, ती मेलेली."

"बरं. आता कळलं."

नवी कॉइल पडली आणि गाडी गुमान चालायला लागली. शनिवारी निवृत्ती लेकीला आणायला गेला. अंजिरानं घर सारवलं, नवी डाळ भिजवली, वडे तळले. गाडी दारात आली ती इतकी अलगद, की अंजिराला वाटलं, नवऱ्यानं जन्मात एक तरी काम धड केलं.

मोनाली झोपेतून उठून उतरली. अंजिरानं तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळला आणि विहीणबाईंसाठी दुसरा हातात घेतला. मागच्या दारातून एक अनोळखी म्हातारी उतरली. काखेत कोंबडी.

"या कोण?"

"विहीणबाईंच्या जागी," निवृत्ती म्हणाला.

"आणि विहीणबाई कुठं?"

"त्या मेलेल्या निघाल्या."

अंजिराच्या हातातला तुकडा खाली पडला. कोंबडीनं तो खाल्ला.

"घाटात गाडी धक्के मारायला लागली," निवृत्ती म्हणाला. "म्हणून एकेक काढून बघितलं. मोनालीला उतरवलं, जरा पुढं गेलो. गाडी हलकी लागली. म्हणजे ती चांगली. तिला परत बसवलं, तिचा डोळा लागला. मग विहीणबाईंना उतरवलं. धक्के तसेच. म्हणजे मेलेल्या त्याच. त्यांना दगडावर ठेवलं. पुढं थांब्यावर या उभ्या होत्या, या घातल्या. तिथनं एक धक्का नाही."

"तिथनं डांबरी सुरू होते," म्हातारी म्हणाली. "अलीकडं नुसती खडी आहे."

"मला वाटलं, सासूबाई मागं झोपल्यात," मोनाली म्हणाली आणि रडायला लागली.

अंजिराचा आवाज चढला. "आत्ताच्या आत्ता घाटात जा. विहीणबाईंना होत्या तिथं नीट बसवा. त्यांच्याशी एक शब्द बोलू नका. बसवा आणि या."

"बरं. आता कळलं."

तो गेला आणि फोन वाजला. विहीणबाई एस्टीतून बोलत होत्या. "मी येतेय. सुनेची पिशवी भरून ठेवा. आठवा लागायच्या आत, आजच तिला घरी नेणार."

मोनालीनं पिशवी भरली. एस्टी आली. विहीणबाई तिच्यात नव्हत्या. मग निवृत्तीची गाडी आली. तिच्यातही नव्हत्या.

"त्या एस्टीत होत्या," निवृत्ती म्हणाला. "मी गाडी आडवी घातली. बोललो नाही. नुसतं दार उघडलं, त्या आपणहून बसल्या. मग घाटात नेऊन होत्या तिथं बसवलं. दगडही तोच."

"मग आता कुठं आहेत त्या?" अंजिरानं विचारलं.

"मग दुधाचा टेम्पो आला. त्यात बसून त्या त्यांच्या गावाला परत गेल्या. म्हणत होत्या, आता ब्रह्मदेव आला तरी या गाडीत पाय ठेवणार नाही."

मोनालीनं हळूच पिशवीची गाठ सोडली. उद्या आठवा लागणार होता.

अंजिराला तेवढ्यावर गप्प बसायला हवं होतं. पण सवय वाईट.

"अहो, त्यांना आपल्या घरी आणायचं होतं."

"आणायचं होतं होय?" निवृत्ती म्हणाला. "मग तसं सांगायचं ना."

आणि गाडी वळवून तो विहीणबाईंच्या गावाला निघाला, त्यांना आणायला. अंजिरा ओरडत वेशीपर्यंत मागं पळाली. पण गाडीत आता मिसिंग अजिबात नव्हतं.