राणीसरकारांची आखडलेली शाल

हौसाक्का परटिणीने सकाळपासून बारा वेळा सांगितलं, की शाल तिने बिघडवलेली नाही. पळसगडच्या राजवाड्यात एकाचाही विश्वास बसला नाही. ज्यांना स्वतःचा रुमाल धड पिळता येत नाही, ते सगळे तिला धुणं शिकवायला पुढे!

शाल साधी नव्हती. राणीसरकारांच्या माहेरची काश्मिरी पश्मिना. अंगठीतून आरपार निघायची आणि दोन माणसं गुरफटून बसली तरी उरायची. हौसाक्काने ती धुऊन, घडी घालून कपड्यांच्या कोठीत पोचती केली होती. चार दिवसांनी पेटी उघडली, तर आत हे एवढंसं! जाड, कडक, घोंगडीच्या तुकड्यासारखं. राणीसरकारांनी एका खांद्यावर टाकली, ती दुसऱ्या खांद्याला पोचेना. वाड्यातल्या मांजरीवर घालून पाहिली. मांजरीला बेतून शिवल्यासारखी बसली.

कोठीवाले दाजीबा म्हणाले, शाल धुतली हिने, तेव्हा दोष हिचाच. कशी धुतलीस ते सांग, म्हणून दरडावायला लागले. हौसाक्का म्हणाली, ते मी माझ्या लेकीला सांगेन, तुम्हाला कशाला? आईने हातात हात धरून शिकवलेली विद्या ती अशी चारचौघांत वाटणार नव्हती. झालं! सांगत नाही म्हणजे हिनेच केलं, असं ठरलं.

राणीसरकार भारी हट्टी. त्यांनी हुकूम सोडला, की रविवारी मला माहेरी लग्नाला जायचंय आणि मी तीच शाल पांघरून जाणार. तोवर ओढ, ताण, काय वाटेल ते कर, पण होती तेवढी करून आण. नाही जमलं, तर नदीवरचा तुझा धोंडा उचल आणि गाव सोड. आता तो धोंडा म्हणजे बसलेल्या म्हशीएवढा. तीन पिढ्यांनी त्याच्यावर धुणी आपटली होती. तो सुटला की हौसाक्काची चूल विझली.

शेजारी बसलेले राजेसाहेब मिशीला पीळ देत छताकडे बघत होते.

हौसाक्का रडली नाही. तिने पदर खोचला आणि म्हणाली, "करते. पण एकटीच्या हाताने व्हायचं नाही. पश्मिना धुण्याचा हात असलेलं आणखी एक माणूस लागेल. वाड्यात तसं कोण आहे, ते आधी बघते."

तिने राणीसरकारांची कसर लागलेली एक जुनी पश्मिना मागून घेतली आणि तिचे तळहाताएवढे तुकडे कातरले. प्रत्येकावर तुपाचा एकेक डाग पाडला. अंगणात दोन घंगाळं मांडली, एकात चुलाण्यावरचं वाफाळतं पाणी, दुसऱ्यात विहिरीचं गार. मधे रिठ्याचा फेस आणि एक धोपटणं. ज्याचा तुकडा सगळ्यांत चांगला निघेल, त्याला राणीसरकारांच्या हातून फेटा मिळेल, असं जाहीर केलं.

दाजीबा आले, आचारी आला, राणीसरकारांची दासी कुशा आली. राजेसाहेबांना कुणी बोलावलं नव्हतं. पण चार माणसं खेळताहेत आणि आपण नुसतं बघायचं, हे त्यांना जन्मात जमलेलं नव्हतं. पोरांशी गोट्या खेळताना हरले तरी ते पुन्हा डाव मांडायला लावत. बाह्या सरसावून तेही आले.

तुपाचा डाग म्हटल्यावर सगळे कढत पाण्यावर तुटून पडले. दाजीबांनी तुकडा बुडवला आणि धोपटण्याने असा बडवला, की जुनं वैर असावं. आचाऱ्याने तो पुरणासारखा घोटला. कुशाने पिळ पिळ पिळला.

राजेसाहेब मात्र गार पाण्याच्या घंगाळापाशी उकिडवे बसले. रिठ्याच्या फेसात तुकडा बुडवून तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावं तसा हलक्या हाताने दाबला. पिळला नाही. कोरड्या पंच्यात गुंडाळून पाणी टिपलं आणि सावलीत बाजेवर सपाट पसरून ठेवला.

दुपारी तुकडे वाळले. दाजीबांचा आवळ्याएवढा झाला होता. आचाऱ्याचा बत्ताशासारखा फुगला होता. कुशाच्या तुकड्याची वात झाली होती. राजेसाहेबांचा तेवढा होता तसा, सायीसारखा मऊ.

राजेसाहेब बाजेवरून टुणकन उठले. फेटा माझा, म्हणून त्यांनी आधी डोकं पुढे केलं आणि मग दाजीबांना हिणवायला लागले. "काय दाजीबा, एवढी वर्षं कोठी सांभाळता! कढत पाणी लागलं की पश्मिना आखडते, धोपटली की संपलीच. हेसुद्धा ठाऊक नाही?"

"नाही ना ठाऊक," हौसाक्का म्हणाली. "दाजीबांना नाही, राणीसरकारांनाही नाही. मी तर कुणापाशी तोंडच उघडलं नाही. मग वाड्यात हे कुणाला ठाऊक असणार, सरकार? ज्याने एक शाल आधीच कढवून बघितलीय, त्याला!"

राजेसाहेबांचं पुढे केलेलं डोकं तसंच पुढे राहिलं.

राणीसरकार सावकाश वळल्या. "इकडच्या स्वारीला ही विद्या कुठून आली?"

मग एकेक बाहेर पडलं. वैद्यांनी बासुंदी बंद केली होती. राजेसाहेब कोठीतून ती शाल डोक्यावरून घेऊन, तोंड झाकून, मुदपाकखान्यात शिरले आणि अख्खा वाडगा शालीवर सांडला. डाग जावा म्हणून न्हाणीघरात कढत पाण्यात घालून दगडावर आपटली. ती डोळ्यांदेखत आखडत गेली, तशी गुपचूप पेटीत कोंबली. आणि पुढच्या बासुंदीला तयारी असावी, म्हणून स्वतःच्या पश्मिनेच्या कानटोपीवर गार पाण्याचे तीन प्रयोगही करून ठेवले!

राणीसरकारांनी ओठ घट्ट आवळले होते. पण कानटोपीपाशी त्यांचा बांध फुटला. नथ एका हाताने धरून त्या इतक्या हसल्या, की कुशाला पाठ चोळावी लागली. त्यांचं बघून राजेसाहेबही हसले, आधी भीत भीत, मग पोट धरून.

"आणि माझी शाल गं, हौसा?" राणीसरकारांनी डोळे पुसत विचारलं.

"ती आता ब्रह्मदेवाच्यानं मोठी व्हायची नाही. लहान करणारा तेवढा मला सापडला. आणि सरकारांच्या तोंडामुळे माझ्या आईची विद्या गावभर झाली, ते वेगळंच."

रविवारी राजेसाहेबांची शाल राणीसरकार पांघरतील, असं तिथल्या तिथे ठरलं. हौसाक्काला हिरवं लुगडं आणि फेटा मिळाला, वाड्याचे सगळे लोकरी कपडे धुवायला कायमचे मिळाले आणि नदीवरचा धोंडा पिढ्यान् पिढ्या तिच्या नावे झाला.

तेवढ्यात कारकून शाल बिघडवल्याचा कागद सहीला घेऊन आला. दोषी म्हणून त्यावर हौसाक्काचं नाव होतं. राणीसरकारांनी ते खोडायला लावलं. मग कुणाचं लिहू, म्हणून तो बिचारा राजेसाहेबांकडे बघायला लागला.

"त्यांचंच," राणीसरकार म्हणाल्या. "आणि पुरं लिहा."

कारकुनाने बोरू बुडवला आणि लिहिलं: श्रीमंत राजे अमृतराव त्रिंबकराव पळसगडकर.