ऋतंजयाचे अर्धे दान

पूर्वी कृतयुगात, यज्ञाची हाक ऐकून देव जातीने येत असत त्या काळी, नीलवेणी आणि ताम्रजला या दोन नद्यांच्या मधल्या सुपीक अंतर्वेदीत राणी हेमप्रभा राज्य करीत होती. पश्चिमेला, नीलवेणीपलीकडे, भद्रावतीचा राजा ऋतंजय. पूर्वेला, ताम्रजलेपलीकडे, पर्वतप्राय देहाचा असुर वज्रजंघ. ऋतंजयाने घोर तप करून अग्नीकडून दोन अक्षय भाते मिळवले होते. भात्याच्या धन्याने दिलेली आज्ञा ते बाण मोडत नसत, मग सोडणारा हात कोणाचाही असो. राजा पराक्रमी होता यात वाद नाही. पण संशयी इतका, की आरशातल्या स्वतःलाही त्याने आधी कुळ विचारले असते.

वज्रजंघाने पैलतीरावरून अंतर्वेदीवर शिळांचा वर्षाव मांडला, आश्रम जाळले, होमधेनू पळवल्या. तेव्हा हेमप्रभा अनवाणी भद्रावतीच्या सभेत आली आणि तिने एक भाता मागितला. राजा विचारात पडला. आज ही याचना करते आहे, उद्या हेच बाण माझ्यावर रोखले तर? आणि ते असुराच्या नगरीत पडले, तर तो मलाच शत्रू धरणार नाही कशावरून? नाही म्हणावे तर क्षत्रियधर्म आडवा येत होता. कुलगुरू और्णव ऋषींनी सांगून पाहिले, की द्यायचे तर मोकळ्या हाताने दे. राजाला त्यांचाही संशय आला. ऋषींचा एक आश्रम अंतर्वेदीत होता ना.

अखेर दानाचा विधी मांडला. त्या काळची रीत अशी, की दाता आपल्या हातातले उदक घेणाऱ्याच्या ओंजळीत सोडी आणि ‘न मम’, हे आता माझे नाही, असे म्हणे. तेव्हाच दान पुरे होई. ऋतंजयाने बोटे घट्ट आवळून कसेबसे चार थेंब गाळले आणि अग्नीच्या साक्षीने बाणांना आज्ञा दिली, “धनुष्यातून सुटल्यावर तुम्ही नीलवेणी ओलांडायची नाही, आणि ताम्रजलाही ओलांडायची नाही.” ‘न मम’ तो म्हणालाच नाही.

हेमप्रभेने जवळजवळ कोरड्या ओंजळीकडे पाहिले. “राजन्, माझा शत्रू नदीपलीकडून मारतो आहे. या बाणांनी मी मरण लांबवीन, टाळू शकणार नाही.”

“देवी, मी साहाय्य नाकारलेले नाही,” राजा म्हणाला. हे म्हणताना त्याला बरेही वाटले, असल्यांना वाटतेच.

पुढे तसेच झाले. नदी उतरून आलेला प्रत्येक असुर राणीच्या बाणांनी भस्म होई; पण वज्रजंघ पलीकडे मांडी ठोकून बसला होता, आणि त्याच्यावर सोडलेला बाण ताम्रजलेच्या मध्यावर येताच खाली कोसळे. इकडे राजा क्षितिजावरचा धूर बघे आणि राणी मुद्दाम तर हरत नाही ना, असे हेरांना विचारी. पाहता पाहता अंतर्वेदीची राख झाली. उरलीसुरली माणसे घेऊन हेमप्रभा नीलवेणी उतरून आली, आणि पाठोपाठ ओस अंतर्वेदीत शिरलेल्या असुराची पहिली शिळा भद्रावतीच्या वेशीवर आदळली.

ऋतंजयाने दुसरा भाता उचलला. बाण सुटला, नीलवेणीच्या मध्यावर गेला आणि पाण्यात पडला. दुसऱ्याचीही तीच गत झाली. हादरलेल्या राजाने अग्नीला आवाहन केले, तेव्हा कुंडातून शब्द आले, “तू पहिला भाता दिलाच नव्हतास. दोन्ही तुझेच राहिले, म्हणून आज्ञाही दोहोंवर पडली. ती तुला मागे घेता येणार नाही. मात्र जे तुझे राहणार नाही, त्यावर तुझी आज्ञाही राहणार नाही.”

राजाला अर्थ कळला. आपल्यामुळे जिचे राज्य बुडाले, तिच्याच हाती सगळे बाण द्यायचे आणि आपण निःशस्त्र तिच्यासमोर उभे राहायचे! वेशीवर दुसरी शिळा कोसळली. त्याने उदक घेतले, बोटे उघडली आणि म्हणाला, “न मम.”

हेमप्रभेने बाण जोडला आणि तो ऋतंजयाच्या छातीवर रोखला.

“याचेच भय होते ना तुला?” ती म्हणाली. “नीट पाहून घे.”

मग ती वळली. बाण नीलवेणी ओलांडून गेला आणि वज्रजंघ कोसळला. राणीने दोन्ही भाते अग्नीला परत केले. अंतर्वेदी मात्र पुन्हा कधी वसली नाही. तिथे आजही नुसते काटेरी रान आहे. आणि भद्रावतीच्या कुळात कोणी दानाचे उदक सोडू लागला, की जमलेली माणसे त्याच्या बोटांकडे बघत राहतात.