मधमाश्यांना सांगायचं राहिलं

एक होता सरदार. कुठला? तर दूर पश्चिमेला, जिथं हिवाळ्यात वाहते ओढेसुद्धा गोठतात ना, तिथला. टेकडीवर त्याची दगडी गढी. टेकडीखाली गाव. गावात चर्च, आणि चर्चमध्ये एक पाद्रीबाबा. सरदारानं लढायचं, पाद्रीबाबांनी प्रार्थना करायची आणि उरलेल्या सगळ्यांनी राबायचं, अशी तिथली वाटणी. ही वाटणी देवानं केली, असं पाद्रीबाबा सांगायचे. देवाला जाऊन कुणी विचारलं नव्हतं.

त्या गावात ओडिला नावाची एक बाई राहायची. तिचा नवरा बुर्कार्ट, आणि एक लहानगी मुलगी, इटा. इटाची प्रकृती अगदी तोळामासा. अन्न तिला पचायचं नाही. गाईच्या दुधावरच ती जगायची. घरात एक गाय होती, एक मेंढी होती, आणि दारात सफरचंदाच्या झाडाखाली मधमाश्यांचं गवती टोपलं होतं.

मग काय झालं, सरदारानं गढीभोवती खंदक खणायला काढला. सगळं गाव वेठीला धरलं. बुर्कार्ट कमरेइतक्या गार पाण्यात उभा राहून खणत होता. त्याची छाती भरली, आणि तो गेला बिचारा.

आता त्या मुलखाची रीत ऐका हं. घरातला कर्ता गेला, की त्याचं सगळ्यांत चांगलं जनावर सरदाराचं. त्याच्या खालोखालचं चर्चचं. एकेकच, पण न्यायचंच. सरदाराचा कारभारी आला आणि त्यानं गाईचं दावं सोडलं.

"अहो, लेकरू दुधावर आहे माझं," ओडिला म्हणाली.

"माणूस सरदाराचा, जमीन सरदाराची," कारभारी म्हणाला. "जाताना माणसानं काही ठेवून जायला नको का?"

गाय गेली. मग पाद्रीबाबांचा माणूस मेंढी घेऊन गेला. मधमाश्या तेवढ्या राहिल्या. माश्यांना कोण जनावर म्हणतं?

पण माश्यांचीही एक रीत होती, बरं का. घरात कुणी गेलं, की त्यांना तीन गोष्टी सांगायच्या. कोण गेलं, कशानं गेलं, आणि आता धनी कोण. नाही सांगितल्या तर त्या राहत नाहीत. ही रीत गावात सगळ्यांना ठाऊक होती. ओडिलानं घराच्या किल्लीनं टोपल्यावर टकटक केलं.

"बायांनो, बुर्कार्ट गेला. खंदकाच्या पाण्यात छाती भरून गेला. आता तुमची धनीण मी."

टोपल्यातून आवाज आला, "ऐकलं गं, बाई."

हो, बोलायच्या त्या. आणि त्या वर्षी त्यांनी असा मध केला, की चमचाभर चाटावा आणि गाढ झोप लागावी. इटा तो चाटून झोपायची. पण नुसत्या झोपेनं का पोट भरतं? पोर दिवसेंदिवस वाळत चालली.

इकडे सरदाराला झोपच यायची नाही. मऊ गादी झाली, वैद्य झाले, काही उपयोग होईना. मधाची गोष्ट त्याच्या कानावर गेली. तो कारभाऱ्याला म्हणाला, "गाय परत दे. त्या घरातलं सगळ्यांत चांगलं जनावर म्हणजे त्या माश्या. त्या आण."

कारभारी गाय घेऊन आला. ओडिलाला काय आनंद झाला म्हणून सांगू! तिनं टोपलं उचलून दिलं आणि म्हणाली, "तेवढ्या तीन गोष्टी सांगा हं त्यांना."

"सरदारानं माश्यांना नाव सांगायचं?" कारभारी हसला. "उद्या म्हणशील, डासांनाही मुजरा करा."

त्यानं काही सांगितलं नाही. मग माश्या भुर्रकन उडाल्या आणि सफरचंदाच्या झाडाला येऊन लटकल्या. दुसऱ्या दिवशी कारभारी आला, त्यानं रिकामं टोपलं दारात टाकलं आणि गाय ओढतच घेऊन गेला. इटा एक दिवस दूध प्यायली होती, तेवढंच.

मग पाद्रीबाबा आले. त्यांना मेणबत्त्यांसाठी मेण हवं होतं. झोपही हवी होती, पण ते बोलले नाहीत. त्यांनी मेंढी परत दिली आणि टोपलं चर्चमध्ये नेलं. ते काही कारभाऱ्यासारखे नव्हते. त्यांनी माश्यांना सगळं सांगितलं, अगदी हात जोडून, पण लॅटिनमध्ये. चर्चमध्ये तीच भाषा चाले ना! गावातल्या माणसांना ती कळत नव्हती, तर माश्यांना कुठून कळणार? माश्या परत आल्या, मागून टोपलंही आलं, आणि मेंढी परत गेली.

मग मात्र सरदार स्वतः आला. मागे कारभारी गाईचं दावं धरून, त्याच्यामागे पाद्रीबाबा. सगळं गाव कुंपणाशी जमलं. ओडिला इटाला कडेवर घेऊन उभी राहिली. पोर एव्हाना पिसासारखी हलकी झाली होती.

"मीच सांगतो त्यांना," सरदार म्हणाला. त्यानं किल्ली मागून घेतली. टोपल्यावर टकटक केलं.

"कोण गेलं?" माश्यांनी विचारलं.

सरदार थांबला. त्यानं कारभाऱ्याकडं पाहिलं. कारभाऱ्यानं पाद्रीबाबांकडं पाहिलं. पाद्रीबाबांनी जमिनीकडं पाहिलं. पुरताना ते नुसतं 'हा तुझा सेवक' एवढंच म्हणाले होते.

"बाई," सरदार हळूच म्हणाला, "तुझ्या नवऱ्याचं नाव काय?"

"महाराज, गाय नेलीत तेव्हा लागलं नाही ते?"

कुंपणापाशी कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं. सरदाराचे कान लाल झाले. ओडिलाच्या मनात आलं, नाव सांगूच नये. पण कडेवर पोर होती.

"बुर्कार्ट," ती म्हणाली.

"बुर्कार्ट गेला," सरदार म्हणाला.

"कशानं?"

सरदारानं पुन्हा ओडिलाकडं पाहिलं.

"तुमच्या खंदकात, महाराज. थंडीनं."

"माझ्या खंदकात," सरदार म्हणाला. "थंडीनं."

"ऐकलं," माश्या म्हणाल्या. "आणि आता धनी कोण?"

आता एकच गोष्ट सांगायची राहिली होती. मी, एवढंच म्हणायचं. सरदारानं खूप प्रयत्न केला, पण 'माझ्या खंदकात' म्हणून झाल्यावर तो शब्द त्याच्या तोंडून काही केल्या निघेना. एवढा मोठा सरदार, लढाईत ओरडला तर घोडे बुजायचे, आणि इथं त्याला 'मी' म्हणता येईना.

शेवटी त्यानं किल्ली ओडिलाच्या हातात ठेवली. कारभाऱ्याच्या हातातलं दावं घेतलं आणि तेही तिच्या हातात दिलं. मग तो टेकडी चढून गेला. पाद्रीबाबा थोडा वेळ तिथंच घुटमळले. मग तेही गेले, आणि संध्याकाळच्या आत मेंढी कुंपणाशी बांधलेली दिसली.

तेव्हापासून त्या मुलखात नवी रीत पडली. जनावर न्यायला येणाऱ्यानं मेलेल्या माणसाचं नाव आधी सांगायचं, आणि तो कशानं गेला तेही. सांगता आलं नाही, तर रिकाम्या हातानं परत. पुष्कळजण रिकामेच परत गेले म्हणतात.

सरदाराला पुढं झोप लागली का? कोण जाणे. कुणी म्हणतं लागली, कुणी म्हणतं नाही. इटा मात्र दूध पिऊन चांगली गुबगुबीत झाली. ओडिला, इटा, गाय, मेंढी आणि माश्या, सगळी आपापल्या जागी सुखानं राहिली. चला, आता तुम्हीही आपापल्या पांघरुणात शिरा, आणि डोळे मिटा बघू.