भांडत कसलेली बाज

नव्या सुनेचं, सारजाचं, नवऱ्याशी, म्हादूशी, रोज वाजतं हे कानी येताच गावचे इनामदार आबासाहेब थेट त्यांच्या अंगणात आले. बाजेवर ऐसपैस बसून म्हणाले, "एक इकडे ओढतो, एक तिकडे. हा संसार टिकायचा नाही. पोरीला उद्याच माहेरी धाडा!"

म्हादूचा चेहराच उतरला. सारजाने पदर सावरला.

"आबासाहेब, बाज घट्ट आहे ना?"

"दगडासारखी!"

"सकाळीच कसली. यांनी तिकडून दोरी ओढली, मी इकडून, भांडत भांडत. दोघं एकाच बाजूला असतो, तर आपण आत्ता जमिनीवर असता."

आबासाहेबांनी बाज चाचपली. "मग भांडा हो, पण दोरी सोडू नका."

ते गेल्यावर म्हादूला तिच्या तळहातावरचे वळ दिसले.

"सांगायचं नाही का? हळू ओढली असती."

"मग बाज सैल राहिली असती," सारजा म्हणाली. हात मात्र तिने त्याच्या हातातच राहू दिला.