हिरव्या पडद्यामागची उस्तिन्या

चित्रातून पुसलेलं माणूस कुठं जातं? ल्योन्कानं हे चितारी सावेलीला विचारलं, गावच्या पाद्र्यालाही विचारलं.

जुन्या काळी रशियातल्या एका गावात एक उमराव राहत असे. आपल्या थाटामाटाची चित्रं काढून घेण्याची त्याला भारी हौस. दिवाणखान्यात, भिंतीतल्या शेकोटीच्या वर, चहापानाचं सगळ्यांत मोठं चित्र होतं. त्यात मालकिणीच्या मागे कप घेऊन उभी असलेली दासी म्हणजे उस्तिन्या, ल्योन्काची थोरली बहीण. ल्योन्का घरातल्या शेकोट्या पेटवी. आईबाप नव्हते; ताईनंच त्याला वाढवलं होतं.

एका हिवाळ्यात पाहुण्यांना चहात लिंबू हवं झालं. मालकिणीनं उस्तिन्याला गोठलेल्या नदीपलीकडे पिटाळलं. परतताना बर्फ फुटला. लिंबं तेवढी वर तरंगली.

मेलेल्याचा जीव घरात घुटमळतो. त्याच्या नावानं पाण्याचा पेला ठेवला की तो शांत होऊन जातो, अशी तिथली समजूत. मालकिणीनं पेला ठेवू दिला नाही. उलट तिसऱ्याच दिवशी चित्रातल्या उस्तिन्यावर हिरवा पडदा रंगवून घेतला.

आठवड्यानं पडद्यातून कप बाहेर आला. मग बोटं. सावेलीनं पुन्हा रंग चढवला. बोटं पुन्हा आली, या वेळी ओली. चित्राखाली पाणी ठिबकू लागलं. पाहुणे येईनासे झाले. मालकिणीनं ल्योन्काला चित्र जाळायला सांगितलं.

ल्योन्का तापट. चित्रच काय, घरच पेटवतो, म्हणत त्यानं जळतं लाकूड उचललं.

"पेटव की," चित्राजवळ उभा असलेला सावेली म्हणाला. "पण या चित्रात मालकिणीच्या मागे तीही उभी आहे, एवढं ध्यानात ठेव."

जाळाच्या उजेडात पडद्याआडचा चेहरा स्पष्ट झाला. ताई कुणाकडेच बघत नव्हती. ती हातातल्या कपात बघत होती. कप कोरडा होता.

ल्योन्कानं लाकूड खाली ठेवलं. "पाणी दिलं तर ती जाईल ना, काका? मग चेहरा दिसायचा नाही."

सावेलीनं रिकामा पेला त्याच्या हाती दिला.

ल्योन्कानं पेला काठोकाठ भरला. मालकांच्या बशीतली लिंबाची एक चकती त्यात सोडली. ताईनं ती जन्मभर वाढली होती, चाखली कधीच नव्हती. पेला त्यानं चित्राखाली ठेवला आणि तिचा चेहरा विरून पडद्यावर नुसत्या चुण्या उरेपर्यंत तो तिथंच, तिच्यासमोर, उभा राहिला.

तात्पर्य: सुडाच्या आगीनं गेलेल्या माणसाची तहान भागत नाही, ती मायेच्या घोटभर पाण्यानंच भागते.